माईक सोडायचा नाही

कोपऱ्यावर आले तर खांबच नाही. चाळीस वर्षं ज्या खांबाला टेकून मी एकोणचाळीस नंबरच्या बसची वाट पाहिली, तो थांब्याचा खांब मुळासकट उपटलेला, आणि त्याच्या जागी फुटपाथवर वीतभर ओल्या सिमेंटचं ठिगळ. त्यात कुणाच्या तरी कुत्र्याचा पाय उमटलेला. मला माहीत नव्हतं असं नाही. जूनमध्ये नगरपालिकेत मतदान झालं, पाच विरुद्ध चार, आणि एक ऑक्टोबरपासून एकोणचाळीस बंद, हे मला तारखेसकट पाठ होतं. गेला आठवडाभर बस आली नाही, तेही घरात बसून मीच कान लावून ऐकलं होतं. पण पायांना कोण सांगणार? शनिवार, दुपारचा एक, डोक्यावर जांभळी हॅट, काखेत पर्स, आणि पाय आपले निघाले कोपऱ्याकडे. माहीत असणं वेगळं आणि ते ठिगळ डोळ्यांनी बघणं वेगळं. जिना उतरताना अजून एक पायरी असेल म्हणून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. मग राग आला. राग आला की मला बरं वाटतं. आईचंही तसंच होतं.

समोरच्या ओट्यावरून हर्शेल ओरडला, "मिस लुवेनिया, बस येत नाही आता!" हर्शेलला गुडघे नाहीत, पण घसा आहे. मी म्हटलं, "ठाऊक आहे मला!" "मग वाट कसली बघताय?" "वाट बघत नाहीये. उभी आहे." "का?" "माझा कोपरा आहे म्हणून!" तो हसला, आणि मग त्याचं हसू मधेच थांबलं, कारण त्याचाही डोळ्यांचा डॉक्टर त्याच बसच्या वाटेवर होता. मी बुटाच्या टोकानं त्या सिमेंटवर दाबून पाहिलं. अजून मऊ होतं. टाचेनं चांगली खूण करून ठेवली, कुत्र्याच्या शेजारी माझी, आणि चालायला लागले. चर्चपर्यंत बावीस चौक. तीन वाजता जाबसभा. त्रेसष्ट वर्षांच्या बाईला दोन तास पुष्कळ झाले.

चर्चची गाडी मिळाली असती, पण गाडी एक आणि म्हातारी माणसं चौदा. ती पहाटेच आयडेलाला घेऊन गेली. आयडेला माझी थोरली बहीण. मंगळवार, गुरुवार, शनिवार तिचं रक्त मशीनमधून धुऊन काढतात, चार-चार तास. एकोणचाळीस आमच्या कोपऱ्यावरून थेट त्या डायलिसिस केंद्राच्या दारात सोडायची. आता दोन बस बदलायच्या आणि मधे हायवेवरचा पूल पायी ओलांडायचा, ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात. परवा गुरुवारी आयडेला त्या पुलाच्या मध्यावरून परत आली. मला फोनवर म्हणाली, "वेनी, मी कठडा धरून उभी राहिले, पण पुढे काही जाता येईना गं." बस, एवढंच. आयडेला तक्रार करत नाही, तिची तक्रार मला करावी लागते. काल तिचे पाय असे सुजले की माझ्या गेलेल्या नवऱ्याच्या सपाता शोधून काढाव्या लागल्या. केंद्रातली डॉक्टरीण म्हणाली, एक खेप चुकली तर निभावतं, सारखं चुकायला लागलं तर नाही. निभावतं म्हणे! हिनं एकदा तो पूल निभावून दाखवावा.

येत्या मंगळवारी अंदाजपत्रक आहे, आणि त्यात एकोणचाळीस परत चालू करायची दुरुस्ती. चार जण बाजूने, चार जण विरुद्ध. नववा कॉर्नेलियस ब्रॅसवेल, पाचव्या वॉर्डाचा, म्हणजे आमचा. जूनमधलं पाचवं मत त्याचंच होतं. आमच्या मताने निवडून गेला आणि आमचीच बस कापून आला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय. पण दांडा तरी लाकडाचा असतो, त्याला काही आठवत नाही. याला सगळं आठवतं. माझ्या हातचा मक्याचा पाव आठवतो, माझ्या हॅटी आठवतात, आणि गंमत म्हणजे ते आठवताना त्याच्या डोळ्यांत जे पाणी येतं ते खरं असतं. तेच तर अवघड आहे. खोटारड्याशी दोन हात करता येतात.

सकाळी रोझेटाचा फोन आला होता. रोझेटा मबरी आमच्या मंडळाची अध्यक्ष. तीस वर्षं शाळेची मुख्याध्यापिका होती, आणि अजून फोनवरसुद्धा हजेरी घेतल्यासारखं बोलते. "लुवेनिया, आज माईक डीकन पर्सी धरतील. कार्यकारिणीनं ठरवलंय. रागावू नकोस." "मी नाही रागावले." "रागावलीस." "रोझेटा, मी रागावले असते तर तुला फोन कानापासून हातभर लांब धरावा लागला असता." ती हळू आवाजात म्हणाली, "तुला तो पोटच्या पोरासारखा आहे. पुन्हा विरघळशील." मी फोन ठेवला. खरं बोलणाऱ्याचा फोन फार वेळ कानाशी धरवत नाही. केस विंचरताना, हॅटला पिन लावताना माझ्या डोक्यात तेच चाललं होतं, विरघळशील, विरघळशील. साखर आहे का मी?

मंडळ म्हणजे वेस्ट साइड काळे नागरिक मंडळ. या शहरात आम्ही साठ हजार काळी माणसं, आणि पालिकेच्या नऊ खुर्च्यांत आमचं एकही माणूस नाही, असे दिवस मी पाहिलेत. वॉर्डांच्या रेघा अशा मारल्या होत्या की आमची वस्ती तीन तुकड्यांत तीन वॉर्डांना वाटून दिलेली, प्रत्येक ताटात चवीपुरती. अकरा वर्षं कोर्टात भांडलो. मी स्वतः सह्यांसाठी जिने चढले, कामावरून सुटल्यावर, हात साबणाने सुरकुतलेले. पाचवा वॉर्ड मिळाला तेव्हा चर्चमध्ये लोक रडले. पण रोझेटा रडली नाही. ती म्हणाली, "खुर्ची मिळाली. आता खुर्चीत बसणाऱ्याला उभं करायची पद्धत बसवायला हवी." म्हणून जाबसभा. दर सहा महिन्यांनी, चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये, जो कुणी आमच्या मतावर बसलाय त्यानं यायचं आणि आमच्यापुढे उभं राहायचं. प्रश्न एकच. वेळ दोन मिनिटं. उत्तर हो किंवा नाही. भिंतीवर भलामोठा कागद, त्यावर चौकोन, उत्तर सगळ्यांसमोर चौकोनात लिहायचं. वेळ संपली की घंटा. आणि पहिला नियम, रोझेटानं पहिल्या दिवशी खडूनं फळ्यावर लिहिलेला, तो म्हणजे माईक आपल्या माणसाच्या हातात राहील. पाहुण्याच्या तोंडापुढे धरायचा, त्याच्या हातात द्यायचा नाही. ज्याच्या हातात माईक, त्याच्या हातात सभा.

ते काम मला दिलं, कारण माझ्या हातांची मूठ. एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या धुलाईघरात काढली मी, आणि त्यातली पंचवीस व्हर्निटा ब्रॅसवेलच्या समोर. इस्त्रीच्या यंत्रातून चादर बाहेर येते ती पोळणारी असते, दोघींनी दोन टोकं पकडायची, ताणायची, घडी घालायची. आपलं टोक समोरचीच्या आधी सोडायचं नाही, नाहीतर चादर खाली आणि पुन्हा धुवायला. व्हर्निटानं आपलं टोक कधी आधी सोडलं नाही. दिवसाला आठशे चादरी, मधोमध आम्हा दोघींच्या गप्पा, आणि त्या गप्पांत सगळीकडे नील. नील म्हणजे कॉर्नेलियस. नीलला दात आला, नील शाळेत पहिला आला, नीलचं वकिलीचं शिक्षण. हो, त्याच व्हर्निटाचा हा मुलगा. पाच वर्षांचा असताना ईस्टरला चर्चमध्ये पोरांनी कविता म्हणायच्या होत्या, तेव्हा याच्या चार ओळी मी पाठ करून घेतल्या. पिवळा सूट, गळ्यात आखडलेला बो, आणि माईकपुढे उभा राहिल्यावर बाळराजे ठार विसरले. ओठ थरथरायला लागले. आणि मग आमच्याकडे जे होतं तेच झालं. कुणी हसलं नाही. पहिल्या बाकावरून एक म्हातारी म्हणाली, "सावकाश, बाळा." मागून कुणी, "असू दे, राजा, असू दे." "देवा, त्याला हात दे." सगळं चर्च त्याला धरून उभं राहिलं, आणि मी कडेवरून हळूच पुढची ओळ सांगितली. आमच्यात माईकपुढे अडलेल्या माणसाला एकटं सोडत नाहीत. ही आमची रीत आहे, आणि मला तिचा अभिमान आहे, आणि तिनंच माझा घात केला.

एप्रिलची जाबसभा. बाराव्या चौकात औषधाच्या दुकानापाशी मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा ती अशी लख्ख समोर आली की दुकानाच्या काचेत मला माझी हॅट दिसायच्या ऐवजी त्याचं तोंड दिसायला लागलं. मी प्रश्न वाचला होता, खणखणीत आवाजात. "एकोणचाळीस नंबर बंद करण्याच्या ठरावाविरुद्ध तुम्ही मत द्याल? हो की नाही?" त्यानं तोंड उघडलं आणि म्हणाला, "मिस लुवेनिया, माझी आई..." आणि त्याचा गळा दाटला. व्हर्निटाला जाऊन तीन महिनेच झाले होते. शवपेटीजवळ तिचा हात मी धरला होता, त्या हातावर यंत्राचे चटके अजून होते. हॉलमध्ये कुणीतरी म्हणालं, "सावकाश, बाळा." दुसरं कुणी, "असू दे, राजा." आणि मी, मी म्हटलं, "बोल, पोरा." आणि माईक त्याच्या हातात दिला. कुणी हिसकावला नाही. मागितलासुद्धा नाही. माझा हात आपणहून पुढे गेला, आणि हाताला वाटलं आपण फार चांगलं काम केलं.

अकरा मिनिटं बोलला. काय बोलला म्हणता! आईचे हात, आपल्या लोकांचे हात, हे शहर ज्यांनी धुतलं ते हात. लोक उभे राहिले. आमेन, आमेन. घंटा वाजली असेल, टाळ्यांत कुणाला ऐकू आली? मी रडले. हे मला सगळ्यात जास्त लागतं, की मी रडले आणि छान वाटलं. मग तो खाली उतरला, शंभर जणांच्या गळ्यात पडला, तळलेल्या माशाचं पाकीट हातात घेऊन गेला, आणि भिंतीवरचा चौकोन कोरा. रोझेटा त्या चौकोनापुढे पेन हातात घेऊन उभी होती. ती माझ्याकडे बघत होती आणि मी नाक पुसत होते. जूनमध्ये त्यानं ठरावाच्या बाजूने मत दिलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात महापौरांनी त्याला अर्थसमितीचं अध्यक्षपद दिलं. मंडळानं जाब विचारला तर हसून म्हणतो कसा, "तुमचाच कागद बघा ना. मी हो म्हटलं होतं का? शब्द दिलाच नव्हता." आणि खरं होतं. कागद त्याच्या बाजूने बोलत होता. आयडेलाच्या सुजलेल्या पायांचा हिशेब लावायचाच तर त्याची सुरुवात माझ्या मुठीपासून होते. हे मी कुणाला बोलले नाही. आयडेलाला तर नाहीच.

त्यानंतर कार्यकारिणीत भांडण झालं. डीकन पर्सी, आमच्या चर्चचे कारभारी, सज्जन माणूस, पण सज्जनपणा अंगाशी आलेला. म्हणाले, "आपलेच दात, आपलेच ओठ. अकरा वर्षांनी एक माणूस तिथे बसवलाय. त्याला चव्हाट्यावर आणलं तर पलीकडचे हसतील. गोऱ्या नगरसेवकांना कधी आपण असं उभं केलं का?" रोझेटा म्हणाली, "ते आले तर करू. बोलवून थकले मी." डीकन म्हणाले, "तो आपला आहे." तेव्हा मी तोंड उघडलं नाही. तोंड कुठल्या तोंडानं उघडणार? पण आज सतराव्या चौकात, तळपायाला फोड आलेला, मला त्यांना रस्त्यातच ओरडून सांगावंसं वाटलं, की डीकन, आपला आहे म्हणूनच! परका आपली बस कापतो तेव्हा निदान आपण टाळ्या तरी वाजवत नाही. शेजारून जाणाऱ्या एका बाईनं माझ्याकडे वळून बघितलं. म्हणजे बहुतेक मी ओरडलेच होते.

आणि आई. चालताना आई येतेच, कारण तिला मी चालतानाच सगळ्यात जास्त पाहिलंय. एकोणीसशे बावन्न, अलाबामा, मी दहा वर्षांची. मतदार म्हणून नाव लावायला आई जिल्ह्याच्या कोर्टात जायची, सात मैल, पायी, कारण नाव लावायची खिडकी सोमवारी आणि तीही एक सोमवार सोडून उघडायची. रांगेत काळी माणसं भिंतीला टेकायची नाहीत, टेकलं तर आत घेत नसत. मी तिच्या झग्याला धरून उभी. खिडकीमागे चष्मेवाला गोरा माणूस, आणि त्याच्या फॉर्मवर एकवीस प्रश्न. कुठे राहतेस, कुणाकडे कामाला आहेस, कुठकुठल्या मंडळात आहेस, राज्यघटनेचं अमुक कलम काय म्हणतं. आई सगळ्यांची उत्तरं द्यायची. मग तो म्हणायचा, "कळवू." कधीच कळवलं नाही. पाचव्यांदा गेली तेव्हा तो म्हणाला, "मावशे, तुला कंटाळा येत नाही का?" आई म्हणाली, "येतो, साहेब. तुम्हाला?" त्या उत्तरापायी तिचं काम गेलं आणि आम्ही उत्तरेला आलो. इथल्या पहिल्या निवडणुकीत मत टाकून ती घरी आली, बूट काढले आणि म्हणाली, "माझ्या तोंडून एकवीस उत्तरं घेतली त्यांनी. मला फक्त एक विचारायचं होतं." काय विचारायचं होतं ते तिनं सांगितलं नाही. पण आता आम्ही एकच प्रश्न विचारतो, आणि तो विचारताना मी माईक सोडून दिला. आईच्या लेकीनं. बाविसाव्या चौकात चर्चचा लाल दरवाजा दिसला तेव्हा मला लाज वाटत नव्हती. लाज अठराव्या-एकोणिसाव्या चौकात कुठेतरी गळून पडली होती. मला माईक हवा होता.

तळघरात मासे तळल्याचा वास, पांढरे हातमोजे घातलेल्या बायका स्वागताला दाराशी, तीनशे खुर्च्या भरलेल्या आणि तीनशे पुठ्ठ्याचे पंखे हलतायत. तिसऱ्या रांगेत आयडेला, गाडीनं केंद्रातून थेट इथेच आणून सोडलेली, दंडावर पांढरी पट्टी, पायात माझ्या नवऱ्याच्या सपाता. मला बघून म्हणाली, "चालत आलीस? वेडी आहेस का गं?" मी म्हटलं, "तू पुलावर चढलीस तेव्हा मी विचारलं का?" आणि सरळ पुढे गेले. रोझेटा भिंतीला कागद चिकटवत होती. एप्रिलचा कागदही शेजारी लावला होता, कोरा चौकोन तसाच. डीकन पर्सी माईकची वायर सोडवत होते.

"माईक दे," मी रोझेटाला म्हटलं.

"लुवेनिया, ठरलंय ते."

"मला माहीत आहे काय ठरलंय. आधी मला उभं कर. त्याच्या आधी मला. माझ्या तोंडापुढे माईक धर आणि विचार, हो की नाही."

रोझेटानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मुख्याध्यापिकेला पोरगी खरं बोलतेय का हे एका नजरेत कळतं. तिनं डीकनच्या हातातून माईक घेतला. हॉल शांत व्हायला वेळ लागला. मग ती, चर्चमध्ये एकमेकींना म्हणतात तसं, म्हणाली, "सिस्टर लुवेनिया स्टब्स. एप्रिलच्या सभेत तुमच्या हातून माईक सुटला. तुम्ही तो स्वतःहून दिलात का? हो की नाही?" तीनशे पंखे थांबले. कुणीतरी मागून लगेच म्हणालं, "असू दे, सिस्टर." मी त्या आवाजाकडे बोट केलं. "नाही. असू द्यायचं नाही. उत्तर आहे हो." आणि मग तिसऱ्या रांगेकडे बघून पुन्हा म्हटलं, कारण खरं उत्तर तिथे द्यायचं होतं, "हो, आयडेला. मी दिला." आयडेलानं पंखा मांडीवर ठेवला. मग मान हलवली, एकदाच. रोझेटानं एप्रिलच्या कोऱ्या चौकोनात मोठ्या अक्षरांत लिहिलं, "माईक आपण सोडला." आणि माझ्या हातात माईक दिला. डीकन पर्सी खुर्चीवर जाऊन बसले. मी म्हटलं, "आता एक करायचं. तो अडला तर कुणी हात द्यायचा नाही. आमेन नाही, सावकाश नाही. जड जाईल. मलाही जाणार आहे."

तो वेळेवर आला. राखाडी सूट, आईचे डोळे. "मिस लुवेनिया! काय हॅट आहे!" हात पसरले. मी माईक दोन्ही मुठींत घेऊन उभी होते, मिठी मारायला हात रिकामा नव्हता. "नगरसेवक ब्रॅसवेल, इथे या खुणेवर उभे राहा." तो हसला. "नगरसेवक काय म्हणता, मी तुमचा नील." "नील घरी. इथे नगरसेवक. मंगळवारी एकोणचाळीस परत सुरू करण्याच्या बाजूने मत द्याल? हो की नाही?" आणि माईक त्याच्या तोंडापुढे धरला.

तो म्हणाला, "आज या हॉलमध्ये येताना मला आई आठवली." आणि थांबला. जिथे थांबल्यावर लोक धरतात, बरोबर तिथे. हॉलमधून काहीही आलं नाही. एका म्हातारीनं तोंडावर पंखा दाबून धरला होता. त्यानं इकडे-तिकडे पाहिलं. "परिस्थिती गुंतागुंतीची आहे. तिजोरीत..." मी म्हटलं, "हो की नाही?" त्यानं हसत हात पुढे केला आणि माईक पकडला, माझ्या मुठीच्या वर. प्रेमानंच पकडला. आणि ओढला. मी सोडला नाही. त्यानं पुन्हा ओढला, आता हसू नव्हतं. आम्ही दोघं तसेच, त्याची बोटं वर, माझी खाली, आणि मला त्याच्या बोटांत व्हर्निटाची बोटं दिसली, तीच लांबट पेरं. जीव तुटला माझा, खोटं कशाला सांगू. पण मला पंचवीस वर्षांची सवय होती त्या बोटांसमोर टोक धरून उभं राहायची. मी ताणून धरलं. त्याचाच हात सुटला. त्याचे ओठ थरथरले, तसेच, पिवळ्या सुटातल्यासारखे, आणि पुढची ओळ माझ्या जिभेवर आली होती. मी ती गिळली. ती ओळ त्यानं स्वतः म्हणायची होती.

"नाही," तो म्हणाला. इतकं हळू, पण माईक तोंडापाशीच होता. "नाही. मला... महापौरांना शब्द दिलाय."

घंटा वाजली, आणि या वेळी सगळ्यांना ऐकू आली. रोझेटा वळली आणि चौकोनात लिहिलं, "नाही." कुणी ओरडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. फक्त तीनशे माणसं पर्समधून, खिशातून पेन काढून आपापल्या पंख्याच्या मागे काहीतरी लिहायला लागली. पुढच्या नोव्हेंबरच्या निवडणुकीची तारीख लिहीत होती की त्याचं उत्तर, मला ठाऊक नाही. तेवढाच आवाज होता, पुठ्ठ्यावर पेनाचा. तो त्या आवाजाकडे बघत राहिला. मग तिसऱ्या रांगेतली आयडेला उठली, पाण्याला जायचं म्हणून, आणि सपाता फरफटत त्याच्या पुढून गेली. त्यानं तिच्या पायांकडे पाहिलं. पाहायलाच लागलं, पाय तेवढे सुजले होते.

"थांबा," तो म्हणाला. "मिस रोझेटा, बदला ते. हो लिहा."

हॉल उसळला. डीकन पर्सी उभे राहून हात वर करायला लागले, रोझेटानं पेन उचललं, आणि मला दिसलं की आता पुन्हा तेच होणार, आमेन होणार, मिठ्या होणार, मासे होणार. मी माईक माझ्या तोंडाशी आणला. "खोडायचं नाही! नाही तसंच राहू दे. घंटेच्या आधीचं आहे ते. त्याच्याखाली हो लिहा. दोन्ही राहू देत. कुठलं खरं ते मंगळवारी बघू." तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मी त्याच्या थोबाडीत मारली होती. "माझा शब्द पुरत नाही तुम्हाला?" "शब्द पुरला असता तर बस आली असती," मी म्हटलं. "मी चालत आले आज."

मंगळवारी दुपारी आम्ही दोनशे जण पालिकेच्या गॅलरीत बसलो, आणि तो कागद आम्ही चौघींनी चार कोपरे धरून पसरला, चादरीसारखा. शिपाई म्हणाला, इथे फलक चालत नाहीत. रोझेटा म्हणाली, "फलक नाही, प्रगतिपुस्तक आहे." तो बिचारा तिचाच विद्यार्थी निघाला. आयडेलाला त्या दिवशी सकाळी केंद्रात कुणाच्या तरी पुतण्यानं पोचवलं आणि तिथून गॅलरीत आणलं होतं, येत्या गुरुवारचं कुणालाच माहीत नव्हतं. एकेक नाव पुकारलं. चार, चार. मग ब्रॅसवेल. त्यानं वर पाहिलं. नाही आणि हो, दोन्ही त्याच्या हस्ताक्षरात नव्हते, पण दोन्ही त्याचे होते. मी माझा कोपरा ताणून धरला. तो म्हणाला, "हो."

गॅलरीत लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. आयडेलानं माझा दंड असा आवळला की वळ उठला. मी टाळी वाजवली नाही. हात कागदाला गुंतले होते, आणि मोकळे असते तरी वाजवली नसती. बाहेर जिन्यावर तो मला गाठायला आला, घामेजलेला, टाय सैल, व्हर्निटा शेवटची चादर घडी झाल्यावर दिसायची अगदी तसा. महापौर त्याच्याशी न बोलता पुढे निघून गेले होते. म्हणाला, "मिस लुवेनिया, अध्यक्षपद गेलं माझं. आता तरी खूश ना?" मला त्याचं तोंड कुरवाळावंसं वाटलं. मक्याचा पाव करून घालावासा वाटला, आणि घालीनही, रविवारी, घरी. मी हॅट सरळ केली.

"पुढची जाबसभा एप्रिलमध्ये," मी म्हटलं. "तीन वाजता. वेळेवर ये."